मानेच्या उंचीवरचा खांब

त्या राज्यात गवत सगळ्यांना फुकट होते. औषध मात्र जोखडाला बांधलेले होते. पावसाळा सरला की गुरांचे खूर सडत. त्यावरचा लेप फक्त अस्वलाच्या मालकीच्या, चुना दळायच्या घाणीवर मिळे, आणि तोही तिथे जुंपलेल्या बैलांना नि त्यांच्या घरच्यांना. म्हणून बैल घाणीभोवती फिरत राहत.

चांद्याही फिरे. त्याच्या म्हाताऱ्या आईचा खूर दर वर्षी चिघळे. मनातून मात्र त्याला टेकडीमागचा पडीक माळ शिंगांनी उकरून हिरवा करायचा होता.

एके दिवशी दरबाराचा मोर दवंडी देत आला. "दरबाराने औषधाचे कुंड खोदले आहे! ज्याला खूर आहे, त्याने यावे!"

चांद्याने त्याच दिवशी जोखड उतरवले.

"पिसारा बघून निघालास," जोडीदार खैऱ्या म्हणाला. "त्याचे पाय बघितलेस का?"

"दरबाराचा शब्द आहे, खैऱ्या. तूही चल."

"चलतो की. आधी तुझी आई धावताना दिसू दे."

माळावर ज्वारी डोलू लागली. चांद्याची शिंगे झिजली. मानेवरचा जोखडाचा घट्टा मात्र विरून तिथे मऊ केस उगवले. आई त्यांवरून जीभ फिरवी. "पुन्हा वासरू दिसायला लागलास रे."

पावसाळा सरला. आईचा खूर सडला. तीन पायांवर लंगडत ती चांद्याबरोबर कुंडाशी पोचली. फाटकात बगळा उभा होता.

"मान दाखव."

"दुखतोय तो आईचा खूर, साहेब."

"खूर काय, सगळ्यांनाच असतात. नवा नियम आहे. औषध कष्टाळूंच्या घरालाच. घट्टा कुठाय?"

चांद्याने झिजलेली शिंगे पुढे केली.

"शिंगांचं नियमात नाही. घाणीवर जा, वर्षभर ओढ. येईल घट्टा."

"वर्षभर ही कुठली राहतेय?"

बगळ्याने कुंडातला एक मासा टिपला.

आई फाटकातच बसली. दूर टेकडीवर मोर अजून तीच दवंडी देत होता.

चांद्याची नजर फाटकाच्या दगडी खांबावर गेली. मानेच्या उंचीवर तो झिजून गुळगुळीत झाला होता. पांढरे, तांबडे, काळे केस तिथे वाळल्या रक्तात चिकटले होते.

त्याने घासायला मान टेकवली. आईने चाटलेली जागा नेमकी तिथे आली.