घरगाडीचे टायर आणि शिदूच्या गाठी

एका गावात एक भोळा गडी होता. शिदू त्याचं नाव. त्याला मूर्ख म्हणू नका. मूर्ख माणूस कुणाचं ऐकत नाही. शिदू सगळ्यांचं ऐकायचा, आणि सांगितलं तस्संच करायचा. घोटाळा व्हायचा तो तिथंच.

कुणी शहाणपणाचं काही सांगितलं की तो उपरण्याला गाठ मारायचा, विसरायला नको म्हणून. पुढं कधीतरी ती गाठ हाताला लागायची, आणि शिदू ते शहाणपण समोर जे असेल त्याला लावून मोकळा व्हायचा. मग त्याची बायको मालन कपाळावर हात मारून म्हणायची, "ती गाठ सोडा आधी!" शिदू सोडायचा. तोवर नवी गाठ मारायची वेळ आलेली असायची.

गाडी चालवण्यात मात्र त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. म्हणूनच त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, आपली घरगाडी त्याच्याकडं ठेवली होती. घरगाडी म्हणजे एक जुनी बस. निम्मी बाकडी काढून दाजींनी आत झोपायच्या फळ्या, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं होतं. देवदेव करत फिरायचं, असा बेत होता. फिरणं काही झालं नाही. गाडी वर्षानुवर्षं शिदूच्या खळ्यात उभी होती आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत होत्या.

अशात दाजींच्या लेकीचं, वैजूचं लग्न ठरलं. वैजू शिदूच्या खांद्यावर बसून वाढलेली. तिनं बापाला सांगितलं, "माझी पाठवणी घरगाडीतनं करायची, आणि गाडी शिदूमामानंच चालवायची." सासरकडची आजेसासू कडक होती. तिचा निरोप होता, की नवरीनं दिवेलागणीच्या आत उंबऱ्यावरचं माप ओलांडलं पाहिजे. उशीर झालेला तिला खपणार नाही. हे ऐकून शिदूला आनंदही झाला आणि भीतीही वाटली. पोरीच्या संसाराची सुरुवात आपल्या हातात आहे म्हटल्यावर त्याची झोपच उडाली.

दाजींचा फोन आला. "शिदू, गाडी लई दिवस उभी हाय. टायर बघून ठेव."

शिदू खळ्यात घोंगडं टाकून बसला आणि दिवसभर टायर बघत राहिला. संध्याकाळी त्यानं फोन लावला. "दाजी, बघितलं."

"कसं हायती?"

"काळं हायती."

दाजी म्हणाले, "अरे बाबा, तू बघून काय उपेग? रज्जाकभाईला दाखव."

रज्जाकभाईचं टायरचं दुकान फाट्यावर होतं. तो आला, गाडीभोवती फिरला, टायरच्या कडेवरची धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली. शिदू म्हणाला, "नक्षी कशी कोरी करकरीत हाय बघा. झिजलीच न्हाई."

"नक्षीवर जाऊ नको शिदूभाऊ. गाडी पळलीच न्हाई तर नक्षी झिजंल कशी? टायर उभ्या उभ्याबी म्हातारा हुतो. हे कडेला चार आकडं कोरलेत, त्यातलं शेवटचं दोन म्हंजे साल. आणि ह्या बघ भेगा. दिसायला कितीबी चांगलं असू दे, वय झालं की बदलायचं."

शिदूनं गाठ मारली. दाजींनी होकार दिला आणि सहाच्या सहा टायर नवे बसले. इथवर सगळं सरळ झालं.

दुसऱ्या दिवशी दारात बोहारीण आली. मालन नदीवर गेली होती. शिदूच्या हाताला गाठ लागली. त्यानं ट्रंक उघडली. वरतीच मालनचं इरकली लुगडं होतं, तिच्या लग्नातलं, वैजूच्या लग्नात नेसायला काढून ठेवलेलं. काठ कसे झळझळत होते. पण शिदू दिसण्यावर जाणारा नव्हता. त्यानं साल आठवलं, बोटं मोजली आणि लुगडं बोहारणीला देऊन स्टीलचा एक डबा घेतला. झाकणही घट्ट बसतं का ते पाहून घेतलं.

मालन आली आणि तशीच ओल्या पायानं बोहारणीच्या मागं धावली. दोन गल्ल्या पलीकडं ती सापडली. लुगडं घेऊन मालन परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"काय केलं हो हे?"

"वय झालं हुतं. बदललं."

"ती गाठ सोडा आधी! काही वस्तू जितक्या जुन्या तितक्या मोलाच्या असत्यात. कळलं का?"

"कळलं," शिदू म्हणाला आणि त्यानं गाठ मारली. जुनं तितकं मोलाचं.

मामाकडून लग्नात पेढे न्यायचे होते. शिदू बाजारात हलवायाकडं गेला आणि म्हणाला, "तुमच्याकडं सगळ्यात जुनं पेढं असतील ते द्या." हलवायाला वाटलं, गिऱ्हाईक चेष्टा करतंय. पण शिदूचं तोंड बघून त्याची खात्री पटली. त्यानं कपाटाच्या मागून एक खोकं काढलं, फुंकर मारली आणि फार आदरानं बांधून दिलं.

घरी आल्यावर मालननं एक पेढा दाताखाली धरला. पेढा फुटेना. तिनं तो पाट्यावर आपटला, तर पाट्याचा टवका उडाला.

"ती गाठ सोडा आधी! पेढा कसा, कढईतनं उतरल्या उतरल्या बघून घ्यावा. गरम असतानाच खरं काय ते कळतं."

शिदूनं गाठ मारली. गरम असतानाच खरं कळतं.

मग रज्जाकभाईचा निरोप आला, की टायरातली हवा एकदा मोजून घेऊ, गाडी घेऊन ये. शिदूनं घरगाडी काढली आणि गावाला फेऱ्या घालायला सुरुवात केली. देवळावरून, शाळेवरून, पुन्हा देवळावरून. पारावरच्या लोकांना वाटलं, नवस असेल. दुपारच्या उन्हात तसा बराच वेळ फिरून, टायरला हात लावून, चटका बसला तसा तो खूश होऊन फाट्यावर गेला.

"मोजा लवकर. आत्ताच उतरवलेत. गरमागरम हायती."

रज्जाकभाईनं डोक्याला हात लावला. "अरे, तापलेल्या टायरात हवा फुगती. त्यो आकडा खोटा. त्यो बघून हवा सोडलीस तर गार झाल्यावर टायर बसंल. गाडी रातभर उभी ठेव, सकाळी ऊन लागायच्या आत मोजू. गार असतानाच खरा आकडा कळतो."

शिदूनं जुनी गाठ सोडली, नवी मारली. गार असताना मोजायचं.

घरी आला तर सासूबाई घोंगडं पांघरून कण्हत पडलेल्या. धोंडूबाई त्यांचं नाव, लग्नासाठी लेकीकडं आल्या होत्या. मालन आतून ओरडली, "आईचं अंग तापलंय. ताप मोजा जरा!" शिदू हळहळला. त्यानं सासूबाईंना उचलून लिंबाच्या सावलीत नेलं, रांजणातलं पाणी तांब्या तांब्यानं अंगावर ओतलं आणि वारा घालत बसला. म्हातारीचे दात वाजायला लागले तेव्हा त्यानं काखेत थर्मामीटर लावलं.

"ताप न्हाई," त्यानं आत कळवलं.

मालन बाहेर आली. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. ओल्या आईला कोरडं नेसवून, काढा पाजून झाल्यावर ती नवऱ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "हे बघा. माणूस येगळं, टायर येगळा. एकाचं शहाणपण दुसऱ्याला लावायचं न्हाई."

शिदू हसला. "एवढं मलाबी कळतंय की." आणि त्यानं ही गाठ काही मारली नाही. एवढ्या साध्या गोष्टीला कोण गाठ मारत बसतो!

धोंडूबाई चिवट होत्या, दोन दिवसांत उठून बसल्या. लग्नाला निघायच्या दिवशी रज्जाकभाईनं पहाटेच शेवटची गोष्ट सांगितली. "समदी माणसं, सामान, टाकीत पाणी, जे काही न्यायचं ते चढव. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पुढचा भार येगळा बघ, मागचा येगळा. मग मला सांग. हवा भारावर ठरती. भार जास्ती तर हवा जास्ती, भार कमी तर हवा कमी."

शिदूनं हे अगदी बिनचूक केलं. कारखाना गावाला लागूनच होता. वजन झालं, गाडी पुन्हा गार झाली, रज्जाकभाईनं आकडे सांगून हवा भरून दिली. गाडी रस्त्याला अशी लागली की ओट्यावरचा तांब्यासुद्धा हलेना. मालनला बरं वाटलं. इरकली लुगडं नेसून ती पुढं बसली होती.

अर्ध्या वाटेत धोंडूबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. म्हाताऱ्या माणसाला जे लागतं ते लागलं होतं. त्या उतरून बाभळीमागं गेल्या. इकडं शिदू खाली उडी मारून रस्त्याकडेचे धोंडे गोळा करायला लागला आणि एकेक करून सासूबाईंच्या जागेवर मांडायला लागला.

"हे काय चाललंय?" मालननं विचारलं.

"आईंचा भार उतरला. हवा भरलीय त्या हिशोबानं. भार कायम ठेवाय नको?"

धोंडूबाई परत आल्या आणि आपल्या जागी बसलेले धोंडे बघून खालीच उभ्या राहिल्या. "जावयानं माझी स्थापनाच केली की गं," त्या म्हणाल्या.

मालनचा पारा चढला. मुहूर्त जवळ येत होता. "ती गाठ सोडा आधी! भार उतरला म्हणून कुणी धोंडं चढवतं का? भार उतरला तर हवा उतरवायची असती! रज्जाकभाईनं दुसरं काय सांगितलं?"

शिदूनं थोडा विचार केला. बायकोचं म्हणणं त्याला पटलं. त्यानं धोंडे खाली टाकले, सासूबाईंना हात देऊन वर घेतलं, आणि ही गाठ दुहेरी मारली.

मांडवात ती सगळी वेळेवर पोचली. आणि सांगायला आनंद वाटतो, की शिदूनं मामाचं काम कसं केलं ते बघायला हवं होतं. भटजींनी "मामा, मुलीला आणा" म्हटलं, तसा तो वैजूचा हात धरून तिला घेऊन आला. तिच्या मागं ताठ उभा राहिला. अक्षता पडल्या तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडं नुसतं गाठींचं उपरणं होतं. बहीण म्हणाली, "माझा भाऊ भोळा असंल, पण भावासारखा भाऊ हाय." मालनचाही ऊर भरून आला. तेवढ्या भरात ती पंगतीत वाढायला उठली, आणि जेवणं उरकेपर्यंत नवऱ्यावर नजर ठेवायची राहून गेली.

ऊन कलायला लागलं. पाठवणीची घाई सुरू झाली. आजेसासूनं दोनदा उन्हाकडं बघितलं. घरगाडीला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. वैजू आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या गळ्यात पडून रडली. दाजी डोळे पुसत पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकले.

लिंबू चाकाखाली जाईना.

दाजींनी खाली बसून बघितलं. टायर पोळीसारखा पसरला होता आणि गाडी जमिनीला टेकली होती. ते मागं गेले. मागचे चारही तसेच. एवढ्यात नवऱ्या मुलाचा बाप पलीकडून ओरडला, "अहो, आमची बस बसली!" मग कुणीतरी जीपकडं बोट दाखवलं, कुणी टेम्पोकडं. सगळं रान भरून गाड्या उभ्या होत्या आणि एकही पायावर नव्हती. भटजींची फटफटीसुद्धा सुटली नव्हती.

मालननं हाक मारली, "अहो!"

शिदू शेवटच्या टेम्पोमागून हात झटकत आला. तोंडावर घाम, पण चेहरा समाधानी.

"काय केलंत हो?"

"तू सांगितलं तेच. माणसं उतरली, भार उतरला. हवा उतरवली. समद्यांची."

नवऱ्या मुलाचा बाप पुढं आला. "आमचीबी?"

"तुमची आधी," शिदू हात जोडून म्हणाला. "पावण्यांचा मान पहिला."

दाजींनी हातातलं लिंबू जमिनीवर आपटलं. आजेसासू पदर खोचून उभी राहिली. सूर्य झाडांच्या शेंड्याला आला होता. अशात वैजू, जिचं कुंकू रडून रडून गालावर आलं होतं, ती मामाकडं बघत होती. बघता बघता तिला हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना. तिचं बघून नवरा मुलगा हसला, आणि मग आजेसासूचीही हनुवटी हलायला लागली.

"मामा," वैजू म्हणाली, "भरा की आता लवकर. मला सासरी जायचंय."

भाचीसाठी शिदू जीव द्यायला तयार होता. त्यानं घरगाडीतला हातपंप काढला, चाकाला नळी लावली, दोन्ही पाय रोवले. आणि थांबला. त्यानं मांडवात उभ्या असलेल्या सगळ्या वऱ्हाडाकडं एकदा नीट बघून घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दाजी," तो काळजीनं म्हणाला, "सकाळचा आकडा आता चालायचा न्हाई. बुंदी दोनदा फिरलीय. आधी समद्यांना वजनकाट्यावर न्यावं लागंल."