फोटोखालची ओळ

"...पण त्याच्यात असं काय आहे, महाराज, जे माझ्यात नाही?"

टेकाडावरच्या मठात धोंडगिरी महाराज तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. समोर वैजनाथ सोळंके. विद्यापीठात डॉक्टर होऊ घातलेला. सुई टोचणारा नव्हे, प्रबंध टोचणारा.

महाराजांचा लहानपणापासूनचा चेला. प्रबंध उद्या द्यायचा, म्हणून आज त्यावर महाराजांचा हात ठेवून घ्यायला आला होता. हात राहिला बाजूला. तासभर नुसता 'तो' चालला होता.

'तो' म्हणजे त्याच्याच वर्गातला दुसरा. नाव मला आजही ठाऊक नाही. वैजनाथच्या तोंडून निघेल तेव्हा ना! त्यानंही शेतकऱ्यांवरच लिहिलं, दोन वर्षं आधी. आणि परवा शाल-नारळ घेऊन मोकळा.

"तू काय लिहिलंस रे?" महाराजांनी विचारलं.

वैजनाथ भाकरीसारखा टम्म फुगला.

"वर्तमानपत्रांतले शेतकऱ्यांचे फोटो. दहा वर्षांचे, चारशे बारा. त्यांतल्या तीनशे एकाहत्तर फोटोंखाली नावच नाही, महाराज! 'आभाळाकडे बघताना एक शेतकरी.' 'कापूस वेचताना एक महिला.' एका ठिकाणी तर बैलाचं नाव दिलंय... धन्याचं नाही."

"अरेरे."

"नाव गाळलं की माणसाचं नुसतं चित्र उरतं. हे माझं वाक्य आहे."

"ब्येस आहे. मग अडलं कुठं?"

फुगलेली भाकरी बसली.

"आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, पहिल्या प्रकरणात त्याचा उल्लेख कर. त्यानं आधी काम केलंय म्हणे."

"केलंय का?"

"...केलंय."

"मग घातलास उल्लेख?"

वैजनाथ प्रबंधाचे कोपरे जुळवत बसला.

महाराजांनी एक शेंग सोलली. आत कीड निघाली. हसले, अन् बाजूला ठेवली.

"दिसतो तरी कसा तो?"

वैजनाथनं झटकन खिशातून कात्रण काढलं. जळणारा माणूस निखारा जवळच बाळगतो बघा. कात्रणात शाल पांघरलेला एक पोरगेला गडी, हातात नारळ, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर.

"दात बघा, महाराज! जसं काय नांगराचा शोध यानंच लावला!"

महाराजांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"याच्या खालची ओळ कुठाय?"

"ती... कापताना गेली."

गेली म्हणजे काय, कात्री पट्टी लावल्यासारखी सरळ चालली होती.

महाराजांनी कात्रण खाली ठेवलं. प्रबंध मांडीवर ओढला. वैजनाथनं हात जोडले, डोळे मिटले. त्याला वाटलं, आला आशीर्वाद.

महाराजांनी शेवटची पानं उघडली. तिथं बिननावाचे सगळे फोटो ओळीनं चिकटवलेले, प्रत्येकाला आकडा घातलेला. सगळ्यांत शेवटी जरा जागा मोकळी होती. दुपारच्या ताटात उरलेला भात त्यांनी बोटावर घेतला, कात्रणाच्या पाठीला लावला, ते त्या जागेवर ठेवलं आणि वरून तळहात दाबून धरला. चांगला घटकाभर.

वैजनाथनं डोळे उघडले. पान बघितलं...

"उचल," महाराज म्हणाले. "तीनशे बहात्तर झाले."