डोहामागची झुडपं

"मग बुवा, काठी आज देताय, की उद्या निघताना?"

चहाचा घोटही न घेता त्र्यंबकने विचारलं.

बुवा चुलीपाशी बसून गळाला पीस बांधत होते. पिसाची ही खोटी माशी पाण्यावर अलगद उतरली, की ट्राउट मासा तिला खरी समजून झेपावतो.

बुवा मूळचे मालवणकडचे. तरुणपणी साधू व्हायला हिमालयात गेले आणि या नदीकाठी रमले ते रमलेच. मोटारीचा रस्ता संपल्यावर डोंगर चढून उतरून गेलं, की त्यांचं लाकडी विश्रामघर लागे. गळ टाकायचं वेड असलेली माणसं तिथे येऊन राहत, शिकत. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा, असा तिथला नेम. त्यासाठी गळाचा उलटा काटाही बुवा कानशीने घासून टाकत.

त्र्यंबक मिरजेचा वकील. बुवांनी स्वतः घडवलेली गळाची बांबूची काठी आपल्याला मिळावी, ही त्याची कित्येक वर्षांची आस. या खेपेला आल्या आल्या बुवा म्हणाले होते, "मोठ्या डोहावर दोरी फेक. मुक्काम संपेपर्यंत एकदाही मागच्या झुडपात अडकली नाही, तर काठी तुझी."

अट काही साधीसुधी नव्हे! दोरी पुढे जायची, तर आधी ती डोक्यावरून पार मागे फेकावी लागते. आणि डोहामागे सगळं काटेरी रान. भलेभले तिथे रडकुंडीला आलेले.

"एकदाही अडकली नाही?" बुवांनी विचारलं.

"एकदाही नाही. हात बसलाय आता."

"मागे वळून बघितलंस कधी?"

"मागे कशाला बघू? नजर पाण्यावर ठेव, असं तुम्हीच सांगता."

"तेही खरंच… गुलाब कुठाय?"

त्र्यंबकने तोंड वाकडं केलं. गुलाब म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, मिरजेत कापडाचं दुकान चालवणारा. त्याला ना माशांचं वेड, ना थंडीची हौस. 'एकटा कुठे जातोस, मी येतो सोबतीला,' म्हणून निघालेला.

"त्याला खोलीवरच बसवलंय, बुवा. दिवसभर माझ्या मागे उभा राहून शिंकतो. मासे बिचकतात. आज स्पष्टच सांगितलं, तुझा काही उपयोग नाही, येऊ नकोस."

"काय म्हणाला?"

"काही नाही. बरं म्हणाला."

बुवांनी पिसाची माशी बाजूला ठेवली, भिंतीवरची बांबूची काठी काढली आणि त्र्यंबकच्या हातात दिली.

"चल. मला एकदा फेकून दाखव, आणि घेऊन जा."

त्र्यंबकला आभाळ ठेंगणं झालं. डोहाकाठी जाऊन त्याने ऐटीत हात मागे नेला आणि दोरी फेकली.

अडकली.

ओढून कशीबशी सोडवली, पुन्हा फेकली. पुन्हा अडकली. या वेळी ओढूनही सुटेना.

"वारं सुटलंय मेलं," तो पुटपुटला.

"वारं कालही होतं."

"मग झालं काय आज?"

"मला काय विचारतोस? जा, सोडवून आण…"

त्र्यंबक झुडपांत शिरला. इतक्या दिवसांत त्याचं इथे पाऊल पडलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. बघतो तर काय, बहुतेक फांद्या खाली वाकवून बुंध्याशी बांधलेल्या. बांधायला एक चौकड्यांचा मफलर फाडून त्याच्या पट्ट्या केलेल्या. मफलर गुलाबचा होता.

मधली जाड फांदी तेवढी मोकळी होती. ती कसली पट्टीला दाद देतेय! तिला कुणीतरी हातांनीच ओढून धरायला हवं. तिच्यापाशी गवत पार तुडवलं गेलं होतं. दोरी नेमकी त्याच फांदीत अडकली होती.

काल जेवताना गुलाबने हातमोजे काढले नव्हते. थंडी वाजते म्हणाला, आणि त्र्यंबकने सगळ्यांसमोर त्याची टर उडवली होती.

दोरी तशीच टाकून तो धावत विश्रामघरात गेला. गुलाब चुलीपाशी शेकत बसला होता.

"हात दाखव."

"राहू दे रे."

त्र्यंबकने मोजे ओढून काढले. तळहात काट्यांनी नुसते ओरबाडून निघाले होते.

"अरे गाढवा, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू सारखा मागे बघत बसला असतास." गुलाब हसला. "आणि दोरी अडकली की तुझं तोंड एवढंसं होतं. मला नाही बघवत ते."

सकाळचे स्वतःचेच शब्द आठवून त्र्यंबकला शरमेने मेल्यासारखं झालं. पण असा माणूस आपल्या वाट्याला आला, या विचाराने ऊर त्याहूनही भरून आला. कोर्टात तासन् तास बोलणारा हा गृहस्थ, मित्राचे हात हातात धरून लहान मुलासारखा रडला.

मग त्याला घेऊनच तो डोहावर परतला. बुवांनी तोवर दोरी सोडवून ठेवली होती.

"बुवा, काठी माझी नाही. ही याची."

"मला काय करायचीय?" गुलाब दचकला. "दुकानात कापड मोजू हिने?"

बुवांनी काठी गुलाबच्या हातात दिली आणि डोहाकडे बोट केलं.

त्र्यंबक कुणी न सांगता मागे गेला. जाड फांदी त्याने दोन्ही हातांनी खाली ओढली. काटे कचकन रुतले.

"आई गं!"

"काय झालं रे?"

"काही नाही. तू पाण्याकडे बघ!"

गुलाबने धोब्याने कपडा आपटावा तशी काठी फिरवली. दोरी ना पाण्यात गेली, ना झुडपात. ती गरगरत मागे आली आणि गळ त्र्यंबकच्या स्वेटरच्या खांद्यात जाऊन बसला.

दोघेही हसत सुटले. हसता हसता त्र्यंबकच्या डोळ्यांना पुन्हा धारा लागल्या.

"बुवा, अडकली! थांबा, सोडवतो…"

"घाई कसली करतोस?" बुवा म्हणाले. "चांगल्या जागी अडकलीय."