सगळ्यांआधी लाल

वेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, ओढायची टूम नवी होती, तेव्हाची गोष्ट. हेरंबने आपल्या वेपसाठी तारेची गुंडाळी वळली. वीज सोडली की तिचा शेवटचा वेढा सगळ्यांआधी लालबुंद व्हायचा. त्या वेढ्याला दमच निघत नसे.

"ये, तुला इतरांना चिकटवतो, मग सगळे बरोबरीने तापाल," हेरंबच्या हातातला चिमटा म्हणाला.

"जळतोस माझ्यावर!" म्हणत वेढा निसटला. हेरंबनेही घाईत त्याला तसंच सोडलं आणि गुंडाळीत वेपचं द्रव शोषणारी कापसाची वात ओवली.

पहिल्याच झुरक्याला करपट वास सुटला. त्या वेढ्यापाशी वात काळी पडली होती. हेरंबने खोकत खोकत ती उपसून फेकली.

नवी वात आली. तिने बिचकत विचारलं, "तुमच्यात आधी कोण तापतं?"

शेवटचा वेढा मुकाट्याने चिमट्याकडे सरकला.