खळ्याचं कुलूप

फार पूर्वी, सातासमुद्रापलीकडच्या एका कॅरिबियन बेटावर एक आडवळणाचा मुलूख होता. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधून वाहणारी एकच नदी. डोंगरावर कोको पिकायचा, नदीकाठी केळी, किनाऱ्याला माड. कोको म्हणजे ज्याच्या बियांचं चॉकलेट होतं ना, तोच! वरची केळी खाली यायची, खालची मासळी वर जायची. श्रीमंत कुणी नव्हतं, पण उपाशीही कुणी झोपत नसे. काय दिवस होते ते!

डोंगरावरच्या दाट सावलीत बी वाळत नसे, म्हणून सगळ्यांची खळी खाली किनाऱ्यावर असत. आणि तिथला पाऊस भारी लबाड! लख्ख ऊन असताना डोंगराआडून यायचा. बी भिजलं की बुरशी धरायची आणि बुरशीचं बी गलबतातून येणारे व्यापारी विकत घेत नसत. मग वर्षभर खायचं काय? म्हणून गावाची एक रीत होती. ज्याला ढग आधी दिसेल त्याने शंख फुंकायचा. शंख ऐकला की प्रत्येकाने जवळचं खळं आधी झाकायचं, मग ते कुणाचं का असेना. आपलं मागून. त्यासाठी झावळ्यांची विणलेली झापं खळ्याखळ्यावर रचून ठेवलेली असत.

त्या गावात एलादियो नावाचा शेतकरी होता. एका वर्षी त्याचा कोको असा पिकला, की येणारेजाणारे थांबून बघायचे.

"काय टपोरं बी आहे रे!" कुणी म्हणालं की हा आधी खूश व्हायचा आणि मग घाबरायचा. एवढं बघतात कशाला? शेवटी त्याने खळ्याभोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत घातली आणि दाराला कुलूप ठोकलं.

गावाच्या टोकाला दोनच खळी होती, एक त्याचं आणि एक म्हाताऱ्या तोमासाचं. ती म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबाचं खळं मी झाकलंय, बापाचंही झाकलंय. आता कुणापासून लपवतोस बाबा?"

"तुमच्यावर संशय नाही हो मावशी. पण माणसांचा काय भरवसा?"

"मग मी कोण, माड आहे का?" म्हातारी फणकारली.

एलादियो हसला आणि किल्ली कमरेला खोचून डोंगरावर शेंगा तोडायला गेला.

दुपारी शंख वाजला. लहानपणी हाच शंख ऐकून तो बापाचा हात धरून धावायचा. कुणाच्या तरी खळ्यावर झापं ओढायची, भिजायचं, खिदळायचं. किती मजा असायची! आज मात्र खळ्याला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या कमरेला होती. तो धावत सुटला. धडपडला, उठला, पुन्हा धावला.

पोचला तेव्हा सर येऊन गेलीसुद्धा होती. गावातली खळी झाकलेली होती. त्याच्या दारापाशी तोमासा चिंब भिजून उभी होती, हातांची सालटं निघालेली.

"किती धक्के मारले रे दाराला," ती म्हणाली. "भिंतीवरही चढून बघितलं. वय झालं, नाही जमलं."

त्याने कुलूप काढलं. आत तळं झालं होतं. भिंतीमुळे पाण्याला बाहेर जायलाही वाट नव्हती. वर्षभराचं टपोरं बी त्यात बुडालं होतं.

मग त्याची नजर शेजारी गेली. तोमासाचं खळंही उघडंच होतं, सगळं बी भिजलेलं.

"मावशी, तुमचं का नाही हो झाकलंत?"

"तुझ्या भिंतीच्या सावलीला बसले होते मी. तुझं जवळ होतं," म्हातारी म्हणाली. "जवळचं आधी, आपलं मागून. दुसरं मला येतं कुठे?"

एलादियो ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी त्याने भिंत पाडली आणि तिच्या दगडांनी आधी तोमासाचं खळं उंच बांधून दिलं. त्या वर्षी गलबत दोघांचं बी न घेताच गेलं. पण वरून केळी आली, खालून मासळी आली आणि दोघांच्याही चुली गावाने विझू दिल्या नाहीत.

पुढे कधीही शंख वाजला, की एलादियो सगळ्यांच्या आधी धावायचा. आपलं खळं त्याने पुन्हा कधी आधी झाकलं नाही.

तात्पर्य: कुलुपाने चोर अडेल की नाही, देव जाणे, मदतीला धावून येणारा मात्र हमखास अडतो.