डबा त्यांचा, ताट आपलं

"पण जेवण द्यायचं तरी का, अक्का? त्यामागचं तत्त्व काय?"

निशिकांत मठाच्या ओसरीवर येरझारा घालत होता. परदेशी शिकून नुकताच परतलेला. बोलताना त्याचे हात शब्दांच्या पुढे धावत.

चंद्राक्का पाय पसरून मेथी निवडत होत्या. टेकडीवरचा हा लहानसा मठ त्याच चालवत. निशिकांत दर रविवारी त्यांना ऐकायला येई. आज त्यांनाच ऐकावं लागत होतं.

"जेवण दिलं की उपकार आले! उपकार आले की मान झुकली! उरलंसुरलं द्यायचं आणि जन्मभर ऐकवायचं, 'आमच्या घरचं अन्न खाल्लंय.' आमच्या घरात हे चालणार नाही! रेवाला सांभाळायला फुलाबाई येतात. पगार चांगला, वर जेवणाचा भत्ता. डबा त्यांचा, स्वाभिमानही त्यांचा!"

"मग अडलं कुठे?"

त्याचे हात खाली आले.

"त्या काम सोडतायत. दुसरीकडे जाणार. तिथं जेवण देतात म्हणे... बायको म्हणते, आपणही ताट वाढू या. मी म्हटलं, अक्का सांगतील तसं. त्या गेल्या तर रेवाचं काय? त्यांच्याशिवाय झोपत नाही ती."

"फुलाबाईंना विचारलंस?"

"विचारलं. 'तसं काही नाही दादा,' म्हणाल्या."

"आणि तुला ते खरं वाटलं!" अक्का हसल्या. "चल, आधी जेव. उपाशीपोटी तत्त्व आंबतं."

समोरासमोर दोन पंगती बसल्या. पिठलं, भाकरी, मेथीची भाजी. अंगणात मांजरामागे धावणाऱ्या रेवाला निशिकांतनं शेजारी आणून बसवलं. तीन वर्षांची त्याची पोर. तिच्यापुढे छोटी ताटली आली.

रेवानं ताटली दोन्ही हातांनी उचलली. तोल सांभाळत कोपऱ्यात गेली. सगळ्यांकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून बसली आणि भाकरी मोडू लागली.

पंगत खो खो हसली.

"रुसली वाटतं बाई!" कुणीतरी म्हणालं.

"रेवा, इकडे ये. असं नाही बसायचं," निशिकांत म्हणाला.

"असंच जेवतात," रेवा मागे न बघता म्हणाली. "फुलामावशी अशीच जेवते."

हसू थांबलं.

निशिकांतचे कान लाल झाले. "त्या... गॅलरीत बसतात, अक्का. बाहेर तोंड करून. पण आम्ही त्यांना तसं कधीच सांगितलं नाही! शपथ!"

"घराकडे तोंड करून बसा, असं सांगितलंस?"

अक्का उठल्या. गुडघे कुरकुरले. स्वतःचं ताट घेऊन कोपऱ्यात गेल्या, आणि रेवाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"पिठलं तिखट आहे गं," त्या रेवाला म्हणाल्या.

"फुंकर माल," रेवानं शिकवलं.

अक्कांनी फुंकर मारली.

पंगतीतले एक आजोबा उठले. ताट घेऊन भिंतीकडे वळले. मग त्यांच्या शेजारची बाई. मग आणखी कुणी. ताटं वाजली.

निशिकांतसमोर आता पाठीच पाठी होत्या. अन्न तेच होतं. गरम होतं, भरपूर होतं. त्यानं घास उचलला... तो तोंडापर्यंत गेला नाही.

कोपऱ्यात रेवा अक्कांना काहीतरी सांगत होती. दोघी हसत होत्या. काय ते त्याला ऐकू येत नव्हतं.

तो ताडकन उठला.

"कळलं! अक्का, कळलं मला! आत्ता फोन करतो बायकोला. उद्यापासून फुलाबाईंना ताट! आमचंच अन्न, आमचीच भांडी, पहिली वाढ त्यांची! उरलंसुरलं नाही, गरम! मी स्वतः वाढीन, अक्का, माझ्या हातानं!"

त्याचे हात पुन्हा हवेत होते. डोळे चमकत होते.

अक्कांनी घास संपवला. मग, पाठ तशीच ठेवून, म्हणाल्या,

"वाढशील रे... पण तू बसशील कुठे?"