बंदूक परत देणारा वृद्ध

एकदा एका माणसाचा धाकटा भाऊ रानातून घरी परतला. देश होता दूर आफ्रिकेतला. तिथे सरकार आणि बंडखोर यांच्यात इतकी वर्षे लढाई चालली होती, की ती कशावरून सुरू झाली हे सांगणारेही फारसे उरले नव्हते. राजधानीतले मंत्री दर आठवड्याला रेडिओवरून बंड मोडून काढत. बंडखोरांकडे बहुधा रेडिओ नसावा.

धाकटा त्या बंडखोरांत होता आणि आता लढून लढून विटला होता. त्याला दारात पाहून थोरल्याला आभाळ ठेंगणे झाले. आईवडील कधीच गेले होते. शेजारीपाजारी जीव मुठीत धरून सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत गेले होते. तिथे लढवय्यांना थारा नव्हता. गावात उरले होते थोरला आणि त्याचे वृद्ध गुरू. संध्याकाळ खायला उठे, तेव्हा तो शेळीशी बोलत बसे.

त्या गावची एक रीत होती. कोणी शस्त्र खाली ठेवले की गावचा वडीलधारा त्याला तुंब्यातले पाणी पाजी, आणि मग त्याच तुंब्यातून सारे गाव एकेक घोट घेई. त्यानंतर त्या माणसाच्या केसालाही धक्का लावायची कोणाची छाती होत नसे.

थोरल्याने लगबगीने तुंबा भरून आणला. धाकट्याने गुरूंच्या पायाशी बंदूक ठेवली. गुरूंनी ती उचलली, तिच्यावरची धूळ पुसली आणि पुन्हा त्याच्याच हातात दिली.

"बाबा, हे काय करताय?" थोरला कळवळून ओरडला. "जन्मभर तुम्ही लोकांना शस्त्रं खाली ठेवायला लावलीत. आणि आज माझ्या भावाच्या वेळी असं?"

"बाळ, पाण्यात शक्ती कधीच नव्हती," वृद्ध थकल्या आवाजात म्हणाले. "घोट घेणारं गाव त्याच्या पाठीशी उभं राहायचं, तेच त्याचं रक्षण. आज घोट घ्यायला आपण दोघेच. उद्या शिपाई सूड घ्यायला आले, किंवा याचेच सोबती फितूर म्हणून याला शोधत आले, तर तू कोणाला हाक मारशील? सरकारचे शिपाई येऊन जातात, पण त्याचा हात इथे टिकत नाही. बंडखोरांचा राजधानीपर्यंत पोहोचत नाही. जिंकण्याइतकं बळ कोणातच नाही, आणि शस्त्र ठेवणाऱ्याला सांभाळील असंही कोणी नाही. लोकांना वाटतं, द्वेषामुळे लढाई लांबते. द्वेष केव्हाच थकला. आता लढते आहे ती भीती."

धाकट्याने भावाला घट्ट मिठी मारली आणि तो आल्या वाटेने रानाकडे गेला. थोरल्याला रडू आवरेना.

"मी काय करू, बाबा?"

"गाव परत आण."

दुसऱ्या दिवशी तो सरहद्द ओलांडून छावणीत पोहोचला. शेजाऱ्यांनी त्याला गराडा घातला, जवळ बसवून जेवू घातले. त्याने हात जोडले. "परत चला. तुम्ही आलात तर माझा भाऊ बंदूक ठेवील. त्याच्यासारखे आणखीही ठेवतील."

लहानपणी त्याला अंगाखांद्यावर खेळवणारी शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "येऊ ना रे. इथे का कोणाला राहायची हौस आहे? आधी लढाई तर थांबू दे."

तिचे काही चुकत नव्हते. धाकट्याचेही काही चुकले नव्हते. लढाई का संपत नाही, हे थोरल्याला त्या क्षणी पुरते कळले, आणि तो एकटाच गावाकडे निघाला.